मोन्त्सुकी, हाओरी, हाकामा : गेममधल्या पात्राला जपानी औपचारिक पोशाख चढवताना

जपानी पोशाखातलं पात्र काढायला बसलं की बहुतेकांच्या हातून एकच चित्र उतरतं. झगमगीत किमोनो, कमरेला तलवार, पाठीवर ड्रॅगन. चित्र देखणं असतं, पण तो माणूस कोण हे त्यातून कळत नाही. लग्नाला निघालाय की हाणामारीला, घराचा कर्ता आहे की उनाड धाकटा, याचा पत्ता लागत नाही. जपानचा औपचारिक पोशाख हे सगळं सांगतो, आणि तेही मोजक्या खुणांत. त्या खुणा कळल्या की सजावट कमी करावी लागते आणि पात्र उलट जास्त उठून दिसतं.

इथे एकच पोशाख पहिल्या रेघेपासून मॉडेलपर्यंत नेऊ. पात्र काल्पनिक आहे: साल १८७८, शहर तोक्यो, जुन्या सामुराई घराण्यातला पस्तिशीचा पुरुष. १८७१ साली शेंडी कापायची मोकळीक मिळाली, ती त्याने कापली. १८७६ च्या हुकुमाने लष्कर, पोलीस आणि दरबारी गणवेशातले अधिकारी सोडून सगळ्यांना उघडपणे तलवार बाळगायला बंदी झाली, म्हणून कमरेची डावी बाजू रिकामी. तो एका लग्नाला आलाय आणि तिथेच त्याला लढावं लागणार आहे. गेम थ्रीडी, कॅमेरा पात्राच्या पाठीमागे.

आधी प्रसंग, मग कपडा

स्केचबुक उघडण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: कोणतं साल, कोणता प्रसंग, त्या प्रसंगात पात्राचं नातं काय. ‘प्राचीन जपान’ असं लिहून भागत नाही. हेइआन काळातला (७९४ ते ११८५) दरबारी पुरुष सोकुताई घालायचा आणि राणीवशातल्या स्त्रिया थरांवर थर असलेली जूनिहितोए. एदो काळातला (१६०३ ते १८६८) सामुराई कामाच्या औपचारिक प्रसंगी कामिशिमो घालायचा, म्हणजे खांद्यावर ताठ पंखांसारखी उभी राहणारी बिनबाह्यांची कातागिनु आणि खाली हाकामा, म्हणजे चुण्यांचा घेरदार पायघोळ. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) पुरुषांचा औपचारिक पोशाख म्हणून पाच कुलचिन्हांचा काळा किमोनो (मोन्त्सुकी), त्यावर हाओरी, म्हणजे वरून घालायचा कोट, आणि हाकामा हा जोड रुजला. आजही जपानी नवरदेव पारंपरिक लग्नात तोच घालतो. सोकुताई आणि जूनिहितोए दरबारी समारंभांत अजून दिसतात. २२ ऑक्टोबर २०१९ ला सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहण सोहळ्यात जगाने त्या पाहिल्या. पण तो राजघराण्याचा पोशाख. आपल्या माणसाचा तिथे संबंध नाही.

तर आपल्या पात्राला मिळतो काळा मोन्त्सुकी हाओरी-हाकामा. पुरुषासाठी याहून औपचारिक काही नाही. हाच किमोनो रंगीत असता आणि त्यावर पाचाऐवजी तीन किंवा एकच चिन्ह असतं, तर पोशाख एकेक पायरी खाली उतरला असता. ही उतरंड डिझायनरच्या फार कामाची आहे. एकाच लग्नात यजमान पाच चिन्हांत आणि दूरचा पाहुणा एका चिन्हात दाखवला, की संवादाची एक ओळही न लिहिता दोघांची जागा ठरते.

रेफरन्स कुठून घ्यायचे

तोक्यो आणि क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयांमधल्या वस्तूंचे फोटो ‘कोलबेस’ या सामाईक संग्रहस्थळावर पाहता येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमनेही आपल्याकडच्या बऱ्याच किमोनोंची छायाचित्रं खुली ठेवली आहेत. तिथे किमोनो बहुधा हात पसरल्यासारखा सपाट टांगलेला असतो, आणि आपल्याला तोच फोटो हवा असतो, कारण शिवणी त्यात दिसतात.

योकोहामाच्या स्टुडिओंमध्ये एकोणिसाव्या शतकात काढलेले हाताने रंगवलेले फोटो मात्र जपून वापरा. ते परदेशी प्रवाशांना विकण्यासाठी काढलेले असत आणि त्यातले ‘सामुराई’ बरेचदा वेष चढवून उभे केलेले मॉडेल असत. एआयने काढलेली चित्रं तर रेफरन्स म्हणून घेऊच नका. गळपट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्या चित्रात बोटाने गिरवून पाहा, म्हणजे कारण कळेल.

पन्हा समजून घ्या

किमोनोचं कापड तान्मोनो नावाच्या गुंडाळीत येतं. पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी सुमारे १२ मीटर. एका गुंडाळीत मोठ्या माणसाचा एक किमोनो बसतो. जवळजवळ सगळे तुकडे सरळ आयत. अंगाच्या दोन पट्ट्या पुढच्या काठापासून खांद्यावरून मागच्या काठापर्यंत अखंड जातात, म्हणजे खांद्यावर शिवण नाही. पाठीच्या मधोमध मात्र उभी शिवण आहे. दोन बाह्या, पुढे दोन अरुंद कळ्या (ओकुमी) आणि एक लांब गळपट्टी. संपला किमोनो.

यातून चित्रासाठी निघणारी गोष्ट अशी की बाही खांद्याच्या टोकाला जोडलेली नसते. पन्हा खांद्यावरून पुढे जाऊन दंडावर उतरतो आणि बाहीची शिवण तिथे येते. पाश्चात्त्य शर्टाची बाही काढायची सवय असलेला हात ही शिवण नकळत खांद्यावर नेतो आणि किमोनोचा बाथरोब होतो. पहिल्याच स्केचमध्ये दंडावर ती रेघ ओढून ठेवा. खांदे आपोआप उतरते आणि शांत दिसायला लागतात.

मार्व्हलस डिझायनरसारखं सॉफ्टवेअर असेल तर थेट हे आयत कापून शिवा. ब्लेंडरमध्ये शरीराच्या जाळीवरून कपडा ओढून काढण्यापेक्षा सपाट पट्ट्या शिवून त्यांना क्लॉथ सिम्युलेशनने अंगावर पडू देणं सोपं, आणि घड्याही खऱ्या पडतात. शिवाय यूव्ही (टेक्स्चर बसवायचा सपाट नकाशा) आयतीच मिळते, कारण प्रत्येक तुकडा आधीच सपाट असतो.

कंबर आवळू नका. या पोशाखात शरीर दंडगोलासारखं दिसणं अपेक्षित असतं. नेसताना शरीराचे खळगे टॉवेल गुंडाळून भरून काढतात. पुरुषाचा ओबी (कमरपट्टा) पोटाच्या खाली, जवळजवळ कटीवर बांधतात. त्यामुळे सडपातळ माणसालाही खाली वजन आल्यासारखं दिसतं. लढाऊ पात्राला याहून चांगला पवित्रा शोधून सापडणार नाही.

आतून बाहेर

पोशाख ज्या क्रमाने अंगावर चढतो त्याच क्रमाने थर काढा. सर्वात आत जुबान. त्याची पांढरी गळपट्टी किमोनोच्या गळ्यातून बारीक रेघेसारखी दिसते. काळ्या पोशाखात चेहऱ्याजवळचा हाच एक उजेड, तो विसरू नका. मग हाबुताए रेशमाचा काळा किमोनो. पुरुषाची गळपट्टी मानेला लागून बसते. मानेमागे मोकळी सोडलेली गळपट्टी ही स्त्रियांच्या पोशाखाची खूण.

त्यावर काकुओबी, साधारण १० सेंटिमीटर रुंद. मग हाकामा. समोर पाच चुण्या, मागे कमरेशी ताठ फळी (कोशिइता). ओबीची गाठ मागे या फळीखाली येते आणि तिला आधार देते, म्हणून बाजूने पाहिलं तर कमरेच्या मागे छोटा उंचवटा दिसायला हवा. समोर हाकाम्याच्या वर ओबीची अगदी बारीक पट्टी डोकावते. बंद शेवटी पुढे अधिकच्या चिन्हासारख्या गाठीत बांधतात. हाकाम्याचे दोन प्रकार आहेत: मधून दुभागलेला उमानोरी आणि घागऱ्यासारखा एकसंध आंदोन. लढायचं आहे, तर उमानोरी. या पोशाखासाठी त्याचं कापड सेंदाईहिरा, काळ्या-पांढऱ्या-करड्या उभ्या पट्ट्यांचं घट्ट रेशीम.

सर्वात वर हाओरी. ही पुढून बंद होत नाही. दोन्ही कडा समांतर लोंबतात आणि छातीशी पांढऱ्या दोरीने (हाओरीहिमो) जोडतात. तिची गळपट्टी मानेमागे बाहेर दुमडलेली असते. पायात पांढरे तबी, अंगठा वेगळा. त्याखाली पांढऱ्या पट्ट्यांची सेत्ता चप्पल, जिच्यातून टाच किंचित मागे बाहेर राहते. तबीचा अंगठा मॉडेलमध्ये खरोखर वेगळा करा. टेक्स्चरवर नुसती रेघ मारली तर गेमच्या कटसीनमध्ये पाय मोज्यासारखा दिसतो.

शुभप्रसंगी हातात किंवा ओबीत पांढरा पंखा असतो. शोकाच्या प्रसंगी तो नसतो. आपल्या पात्राचं हत्यार इथेच सापडतं. लोखंडी काड्यांचा पंखा, तेस्सेन, सामुराईंच्या ओळखीचा होता. तलवार नाही, पण लग्नातल्या पांढऱ्या पंख्याच्या जागी तेस्सेन, आणि तो खोवलेला तिथेच, जिथे दोन वर्षांपूर्वी तलवार असायची. मेइजी काळात हाओरी-हाकाम्यावर बोलर टोपी घालणारे लोक होते. ती द्यायची का, हे चेहऱ्यावर अवलंबून. मी देईन, कारण मागच्या कॅमेऱ्यातून पात्र गर्दीत लगेच ओळखू येईल.

पाच चिन्हं

कुलचिन्ह म्हणजे मोन. पाच जागा ठरलेल्या: पाठीवर मानेखाली एक, दोन्ही बाह्यांच्या मागच्या अंगाला एकेक, छातीवर दोन्हीकडे एकेक. पुरुषांच्या कपड्यावर व्यास सुमारे ३.८ सेंटिमीटर, स्त्रियांच्या कपड्यावर जेमतेम २. सर्वात औपचारिक रूप म्हणजे काळ्यात कोरं सोडलेलं भरीव पांढरं चिन्ह. नुसत्या बाह्यरेषेचं चिन्ह एक पायरी खालचं.

हे आकारमान गेमच्या कॅमेऱ्यातून ठिपक्याएवढं उरतं. मी ते दीडपटीपर्यंत वाढवतो, त्यापुढे नाही. पाठभर मोठं चिन्ह काढलं की तो दुकानातल्या कामगाराचा कोट वाटू लागतो.

चिन्ह स्वतः तयार करा. सोळा पाकळ्यांची शेवंती सम्राटाची, तीन आओई पानं तोकुगावा या शोगुन घराण्याची, पाच-सात फुलांचं किरी (एक झाड) जपान सरकार वापरतं. ही तिन्ही टाळा. ससाण्याची पिसं, वेली, तिपानी अशा जुन्या घटकांतून एक किंवा दोन निवडा, वर्तुळात बसवा, एकच रंग ठेवा. व्हेक्टरमध्ये काढा आणि ३२ पिक्सेलला लहान करून बघा. आकार ओळखू येत नसेल तर एक रेघ कमी करा. मॉडेलवर हे डीकॅल (वरून चिकटवलेलं वेगळं चित्र) म्हणून लावा, मूळ टेक्स्चरमध्ये रंगवू नका; मग पाचही जागी धार सारखी राहते आणि प्रतिस्पर्धी घराण्याचं चिन्ह बदलणं मिनिटाचं काम होतं.

मिरर मॉडिफायर बंद करा

किमोनोची डावी बाजू, म्हणजे नेसणाऱ्याची डावी, नेहमी वर येते. स्त्री असो की पुरुष. समोरून पाहणाऱ्याला गळ्याशी इंग्रजी लहान लिपीतलं ‘y’ हे अक्षर दिसतं. इ. स. ७१९ मध्ये दरबाराने सगळ्या प्रजेला असंच नेसायचा हुकूम केला होता. उलटं, उजवी वर, हे फक्त मृताला नेसवताना करतात. जपानी खेळाडूच्या नजरेत ही चूक पहिल्या सेकंदाला भरते, आणि तुमचं पात्र भूत नसेल तर तिला काही सबबही नसते.

पण चूक शक्यतो चित्रकाराच्या अज्ञानातून होत नाही, ती साधनांतून होते. अर्धं शरीर करून मिरर मारायची सवय असते. मिरर केलेली यूव्ही असते. कॉन्सेप्ट तपासताना कॅनव्हास उलटा केला जातो आणि तसाच सेव्ह होतो. टूडी गेममध्ये तर डावीकडे वळलेला स्प्राइट (पात्राचं सपाट चित्र) म्हणजे उजवीकडच्याचाच आरसा, म्हणजे पात्र परत फिरलं की मेलं! थ्रीडीमध्ये उपाय सोपा: शरीर आणि बाह्या मिररने करा, पण गळा, पुढच्या पट्ट्या आणि हाकामा यांच्याआधी मिरर लावून टाका. हाकाम्याच्या पाच चुण्याही दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, म्हणून तो सुरुवातीपासून अखंडच करावा. टूडीमध्ये गळ्याचा भाग वेगळ्या थरात ठेवून दोन्ही दिशांसाठी स्वतंत्र काढावा. वेळ अगदीच नसेल तर पात्र पाऊण वळवा, म्हणजे हाओरीची कड गळ्याचा बराच भाग झाकते.

काळा रंगवणं

क्योतोत मोन्त्सुकीचं कापड काळं करण्याआधी तांबडा किंवा निळीचा हात देण्याची रीत आहे, त्याने काळा खोल होतो. आपणही तेच करायचं. बेस रंग शून्यावर नेऊ नका. तिथे प्रकाशाला पकडायला काही उरत नाही आणि पात्र भोक पडल्यासारखं दिसतं. गडद राखाडीच्या जवळ थांबा आणि त्यात निळा किंवा तांबूस कल मिसळा. कोणता, हे पात्रावरून ठरवा. दोन भावांना दोन वेगळे काळे देता येतात. हाबुताए गुळगुळीत आहे, पण सॅटिनसारखं चकचकीत नाही, म्हणून रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) मधल्या पट्टीत. हाकामा त्याहून थोडा कोरडा. काळ्यावर काळा येतो तिथे दोघांतला फरक फक्त या चमकेतून कळणार आहे.

ऋतूही ठरवून टाका. अस्तर असलेला किमोनो ऑक्टोबर ते मे, बिनअस्तराचा जून आणि सप्टेंबरमध्ये, जुलै-ऑगस्टमध्ये रो किंवा शा नावाचं विरळ, पारदर्शक कापड, असा रिवाज आहे. आपलं लग्न नोव्हेंबरात आहे, म्हणून अस्तर आलं, आणि आता मजा सुरू होते.

आतली बाजू

एदो काळात शोगुनशाहीने चैनीच्या कपड्यांवर वारंवार निर्बंध घातले. पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी बाहेरचं कापड साधं ठेवलं आणि हौस अस्तरात नेली. बाहेरून काळी, गंभीर हाओरी. आत संपूर्ण निसर्गचित्र, वाघ, नाहीतर कवितेच्या ओळी. काढून ठेवतानाच काय ते दिसणार. कॅरेक्टर डिझायनरला आयतं मिळालेलं याहून मोठं दान मला माहीत नाही. पात्राचं गुपित अस्तरावर काढा.

आपल्या माणसासाठी मी सारासा निवडेन. सारासा म्हणजे भारतातलं छापील, रंगवलेलं सुती कापड, जे डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून नागासाकीला पोचायचं. जपानी लोक त्याचे छोटे तुकडेसुद्धा जपून तंबाखूच्या बटव्यांना आणि चहाच्या भांड्यांच्या पिशव्यांना वापरत. पूर्वजाने जमवलेले तुकडे जोडून केलेलं तांबडं, वेलबुट्टीचं अस्तर: घराणं कधीकाळी सुखवस्तू होतं आणि आता जुनं कापडच उरलंय, हे दोन्ही त्यातून येतं.

हे अस्तर पहिल्या दृश्यात दाखवू नका. लढाई रंगात आली की तो हाओरी उतरवून फेकतो, आणि तेव्हा ते क्षणभर चमकतं. खालच्या किमोनोवरही तीच पाच चिन्हं आहेत, म्हणून दुसऱ्या टप्प्यातही घराण्याची ओळख तशीच राहते. मॉडेलरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर हाओरीखालचा किमोनो ‘दिसत नाही’ म्हणून कापून टाकला जातो.

हालचाल

हाओरी गेली की तासुकी येते. ही एक लांब दोरी. काखेतून घेऊन पाठीवर फुलीसारखी ओलांडतात, बाह्या वर खेचल्या जातात आणि हात मोकळे होतात. हाकाम्याच्या बाजूही वर उचलून कमरेत खोवतात, पोटऱ्या दिसतात. दोन्ही खऱ्या रीती आहेत आणि दोन्हीने सिल्हूट बदलतं, म्हणजे नवा कपडा न काढता तुम्हाला दुसरं रूप मिळालं. ॲनिमेटरचंही काम हलकं होतं, कारण लढाईत सर्वात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे लोंबती बाही.

तासुकीआधीच्या रूपासाठी प्रत्येक बाहीला तीन-चार हाडांची साखळी पुरते. पुरुषाची बाही अंगाला जवळजवळ पूर्ण लांबीभर शिवलेली असते, त्यामुळे ती स्त्रीच्या बाहीइतकी मोकळी फडफडत नाही. हाकाम्याच्या दोन्ही पायांना वेगळ्या साखळ्या द्या आणि चुण्यांच्या धारा टोपॉलॉजीतच, म्हणजे जाळीच्या रचनेतच बसवा. नॉर्मल मॅपवर (उंचसखलपणाचा नुसता भास देणाऱ्या चित्रावर) सोडल्या तर लाथ मारताना त्या पसरत नाहीत. खरं क्लॉथ सिम्युलेशन फक्त फेकलेल्या हाओरीसाठी राखून ठेवा.

रिग (पात्र हलवणारा हाडांचा सांगाडा) तपासायला टी-पोझ, म्हणजे हात पसरून उभं राहणं, पुरत नाही. पात्राला सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसवा, मग वाकून नमस्कार करायला लावा. बसताना हाकामा मांड्यांत घुसत असेल किंवा वाकताना कोशिइता पाठीतून आरपार जात असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं. लग्नाच्या दृश्यात तो अर्धा वेळ बसलेलाच असणार आहे.

स्त्री पात्र असेल तर

त्याच लग्नातली वधूची आई कुरोतोमेसोदेत असेल: काळा किमोनो, पाच चिन्हं, नक्षी फक्त कमरेखाली काठाकडे. धाकटी अविवाहित बहीण फुरिसोदेत. सर्वात लांब बाही सुमारे ११४ सेंटिमीटरची, घोट्यापर्यंत येणारी. तिथे हाडांची साखळी दुप्पट करा. स्त्रीचा किमोनो उंचीपेक्षा लांब असतो आणि जास्तीची लांबी कमरेशी दुमडतात. ओबीखाली ही आडवी घडी दिसलीच पाहिजे. ओबी सुमारे ३० सेंटिमीटर रुंद. फुरिसोदेची नक्षी शिवणी ओलांडून अखंड जाते, म्हणून ती सपाट तुकड्यांवर रंगवू नका. मॉडेल जोडून झाल्यावर थ्रीडी पेंटमध्ये थेट त्यावरच काढा.

टीमला काय द्यायचं

पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी अशी चार चित्रं, हाओरीसकट आणि हाओरीशिवाय. अस्तराचं वेगळं सपाट चित्र. चिन्हाची व्हेक्टर फाइल आणि पाच जागांची मापं. तासुकीची दोरी कुठून कुठे जाते याची तीन छोटी स्केचेस. आणि पुढच्या चित्रावर, गळ्याशी बाण काढून, लाल अक्षरांत: ‘पात्राची डावी बाजू वर. कॅनव्हास उलटवू नये.’